छायाचित्र दालन (संकेतस्थळ)

छायाचित्र दालन म्हणजे संकेतस्थळाच्या एखाद्या पानावर अनेक छायाचित्रे ठरावीक क्रमाने, लघुचित्रांच्या स्वरूपात आणि आवश्यक माहितीसह मांडून दाखवणारी व्यवस्था होय. लघुचित्रावर टिचकी मारली असता मूळ छायाचित्र मोठ्या आकारात दिसते. इंग्रजीतील ‘फोटो गॅलरी’ हा शब्द मराठीतही रूढ असून ‘चित्रदालन’, ‘छायाचित्र संग्रह’ आणि ‘अल्बम’ हे शब्द जवळपास त्याच अर्थाने वापरले जातात. वृत्तपत्रे, शाळा-महाविद्यालये, वस्तुसंग्रहालये, ग्रंथालये, शासकीय कार्यालये, गिर्यारोहण संस्था आणि व्यावसायिक छायाचित्रकार यांच्या संकेतस्थळांवर अशी दालने आढळतात.

ज्या दालनात संगणकीय संकेतलेखन न येणारी व्यक्तीही चित्र जोडू शकते, काढू शकते, त्यांचा क्रम बदलू शकते आणि चित्राखालची ओळ सुधारू शकते, त्याला सहज संपादनीय छायाचित्र दालन म्हणतात. ही सहजता केवळ पडद्यावर दिसणाऱ्या बटणांमुळे येत नाही. छायाचित्राची संचिका, तिच्याविषयीची माहिती, दालनातील तिचे स्थान आणि पानाची मांडणी या चार गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र ठेवल्या असतील, तरच एकीत केलेला बदल दुसरीला धक्का न लावता करता येतो. या चार गोष्टी कुठे आणि कोणाकडे साठवल्या जातात, यावरच दालन किती काळ टिकेल हेही अवलंबून असते.

## इतिहास

### स्थिर पानांचा काळ

वर्ल्ड वाइड वेबची सुरुवातीची पाने प्रामुख्याने मजकुराची होती. १९९२ मध्ये युरोपातील ‘सर्न’ या संशोधन संस्थेतील ‘लेझ ऑरीब्ल सेर्नेट’ या हौशी गायिकावृंदाचे छायाचित्र वेबवर ठेवण्यात आले. वेबवरील अगदी आरंभीच्या छायाचित्रांमध्ये त्याची गणना होते. फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन यांनी पानात चित्र बसवण्यासाठी स्वतंत्र टॅग असावा असा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी प्रसारित झालेल्या ‘मोझेक’ या न्याहाळकात, म्हणजे ब्राउझरमध्ये, मजकुराच्या ओघातच चित्रे दिसू लागली. १९८७ चे ‘जीआयएफ’ आणि १९९२ मध्ये प्रमाणित झालेले ‘जेपेग’ हे या काळातील प्रमुख चित्रप्रकार होते.

त्या काळी दालन हाताने तयार करावे लागे. प्रत्येक छायाचित्राची लहान प्रत वेगळी बनवणे, दोन्ही संचिका सर्व्हरवर पाठवणे, तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत चित्राचा पत्ता लिहिणे आणि मोठ्या चित्रासाठी स्वतंत्र पान रचणे ही कामे संपादकालाच करावी लागत. मधले एक चित्र वगळायचे झाल्यास ‘मागील’ आणि ‘पुढील’ हे दुवे शेजारच्या दोन्ही पानांवर बदलावे लागत. त्यामुळे अनेक संकेतस्थळांवरील दालने एकदा तयार झाल्यावर तशीच राहत.

### स्वतंत्र दालन प्रणाली

२००० मध्ये भारत मेदीरत्ता यांनी ‘गॅलरी’ हा मुक्त स्रोत प्रकल्प सुरू केला. पीएचपी या भाषेत लिहिलेली ही प्रणाली सर्व्हरवर बसवली की ब्राउझरमधूनच चित्रे चढवता येत, अल्बम करता येत आणि लघुचित्रे आपोआप तयार होत. तिच्या पहिल्या आवृत्तीत माहिती साध्या संचिकांमध्ये साठवली जाई. दुसऱ्या आवृत्तीपासून त्यासाठी विदागाराचा, म्हणजे डेटाबेसचा, वापर सुरू झाला. तिसरी आवृत्ती २०१० मध्ये आली आणि २०१४ मध्ये विकासकांनी प्रकल्पाचे काम थांबवले. २००२ मध्ये ‘पीएचपीवेबगॅलरी’ या नावाने सुरू झालेली आणि २००९ पासून ‘पिविगो’ या नावाने ओळखली जाणारी प्रणाली, तसेच ‘कॉपरमाइन’ आणि ‘झेनफोटो’ ही याच परंपरेतील अन्य उदाहरणे होत.

### छायाचित्र-सेवा

फेब्रुवारी २००४ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथील ‘लुडिकॉर्प’ या कंपनीने ‘फ्लिकर’ ही सेवा सुरू केली. वापरकर्त्याला स्वतःचा सर्व्हर नसला तरी छायाचित्रे ठेवता येऊ लागली, त्यांना विषयदर्शक शब्द जोडता येऊ लागले आणि ती इतर संकेतस्थळांवर दाखवता येऊ लागली. २००५ मध्ये ‘याहू’ने आणि २०१८ मध्ये ‘स्मगमग’ने ही सेवा विकत घेतली. गूगलची ‘पिकासा वेब अल्बम्स’ ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली. २०१५ मध्ये ‘गूगल फोटोज’ आल्यानंतर २०१६ मध्ये ती बंद करण्यात आली.

### आशय व्यवस्थापन प्रणालीतील दालन

लेख, पाने आणि चित्रे एकाच ठिकाणाहून सांभाळणाऱ्या आशय व्यवस्थापन प्रणालींचा प्रसार झाल्यावर दालनासाठी वेगळी प्रणाली बसवण्याची गरज कमी झाली. ‘वर्डप्रेस’च्या मार्च २००८ मधील २.५ या आवृत्तीत दालनाची सोय मूळ प्रणालीतच आली. ‘ड्रूपल’ आणि ‘जूमला’ या प्रणालींमध्येही दालने उभारता येतात. याच काळात, २००५ च्या सुमारास, लोकेश धाकर यांनी ‘लाइटबॉक्स’ ही जावास्क्रिप्ट प्रणाली तयार केली. टिचकी मारताच पान न बदलता, मागील मजकूर अंधुक करून मोठे चित्र समोर आणण्याची तिची पद्धत इतकी रूढ झाली की, अशा कोणत्याही खिडकीला लाइटबॉक्स म्हटले जाऊ लागले.

## रचना

सहज संपादनीय दालनाचे पुढील चार घटक असतात.

* संचिका : चढवलेले मूळ छायाचित्र आणि त्यापासून प्रणालीने तयार केलेल्या लहान-मोठ्या प्रती.
* माहिती : शीर्षक, चित्रओळ, पर्यायी मजकूर, छायाचित्रकाराचे नाव, दिनांक, स्थळ आणि परवाना.
* क्रम : कोणती चित्रे कोणत्या दालनात आणि कितव्या स्थानी आहेत याची यादी.
* मांडणी : एका ओळीत किती चित्रे असावीत, त्यांमधील अंतर किती असावे, चित्रे कापून चौकोनी करावीत की मूळ प्रमाणात दाखवावीत, यांविषयीचे नियम.

समजा, एका दुर्गभ्रमण संस्थेच्या संकेतस्थळावर रायगडाच्या ४० छायाचित्रांचे दालन आहे आणि महादरवाजाच्या छायाचित्राखाली चुकीची ओळ आहे. माहिती स्वतंत्र नोंदीत असेल, तर ती एकदाच सुधारावी लागते. ओळ चित्रावरच कोरलेली असेल, तर नवे चित्र तयार करून चढवावे लागते. ओळ पानाच्या संकेतलेखनात मिसळलेली असेल, तर ती शोधून बदलताना सबंध पानाची मांडणी बिघडण्याचा धोका असतो.

क्रम संचिकेच्या नावावर अवलंबून ठेवल्यासही अडचण येते. नावांची तुलना अक्षरशः केली जात असल्यास १, २, ३ … १० असे क्रमांक दिलेल्या चित्रांमध्ये १० हे चित्र २ च्या आधी लागते. ०१, ०२ अशी नावे देऊन हा दोष तात्पुरता टाळता येतो. परंतु मध्ये नवे चित्र घालायचे झाल्यास पुढील सर्व नावे बदलावी लागतात आणि जुने दुवे तुटतात. म्हणून बहुतेक प्रणालींत क्रमाची यादी संचिकांच्या नावांपासून वेगळी ठेवलेली असते आणि संपादक चित्र ओढून हव्या त्या जागी सोडू शकतो.

## मांडणीचे प्रकार

जाळीच्या मांडणीत सर्व लघुचित्रे एकसारख्या चौकटींत बसवली जातात. पान नीटनेटके दिसते, परंतु उभ्या चित्रांचा वरचा-खालचा आणि आडव्या चित्रांचा बाजूचा भाग कापला जातो. समूहछायाचित्रात कडेच्या व्यक्ती त्यामुळे लघुचित्रातून नाहीशा होतात. समउंच ओळींच्या मांडणीत चित्रांचे मूळ प्रमाण राखून त्यांची रुंदी अशी जुळवली जाते की प्रत्येक ओळ पानाच्या दोन्ही कडांना भिडते. स्तंभ-मांडणीत सर्व चित्रांची रुंदी समान आणि उंची वेगवेगळी असते. तिच्यात क्रम डावीकडून उजवीकडे वाचायचा की वरून खाली, याबाबत वाचकाचा गोंधळ होऊ शकतो. सरकत्या मांडणीत एका वेळी एकच चित्र दिसते. घटनाक्रम दाखवण्यासाठी ती सोयीची असते, मात्र शेवटच्या चित्रांपर्यंत न जाणाऱ्या वाचकांना ती दिसतच नाहीत.

## कार्यपद्धती

संपादकाने चित्र निवडल्यावर ब्राउझर ते सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर संचिकेचा प्रकार आणि आकार तपासतो, तिला एक नाव किंवा क्रमांक देतो आणि चित्रात अंतर्भूत असलेली माहिती वाचतो. डिजिटल कॅमेरे व मोबाइल फोन चित्रासोबत ‘एक्सिफ’ या प्रमाणानुसार दिनांक, वेळ, कॅमेऱ्याचे नाव, छिद्राचा आकार, उद्भासनकाल आणि कॅमेरा धरण्याची दिशा नोंदवतात. या प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाली. दिशेची नोंद दुर्लक्षित राहिल्यास उभे काढलेले छायाचित्र दालनात आडवे दिसते.

त्यानंतर सर्व्हर ठरावीक मापांच्या प्रती तयार करतो. पान उघडणाऱ्या ब्राउझरला या प्रतींची यादी दिली जाते आणि पडद्याच्या रुंदीनुसार तो योग्य ती प्रत मागवतो. पडद्याबाहेरची चित्रे वाचक खाली येईपर्यंत न मागवण्याची पद्धतही रूढ आहे. त्यासाठी पूर्वी जावास्क्रिप्ट लागत असे. २०१९ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये ही सोय मूळ स्वरूपात येऊ लागली.

### वर्डप्रेस

वर्डप्रेसमध्ये चढवलेली सर्व चित्रे ‘मीडिया लायब्ररी’त जमा होतात. डिसेंबर २०१२ मधील ३.५ या आवृत्तीपूर्वी एखाद्या लेखातील दालनात त्या लेखाला जोडलेली सर्व चित्रे येत. त्यामुळे तेच चित्र दोन लेखांच्या दालनांत वापरणे किंवा एकाच लेखात दोन वेगळी दालने ठेवणे अवघड होते. ३.५ पासून दालनात चित्रांच्या क्रमांकांची यादी साठवली जाऊ लागली आणि या दोन्ही अडचणी दूर झाल्या. क्रम आणि संचिका वेगळ्या केल्याने संपादन कसे सुलभ होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

डिसेंबर २०१८ मधील ५.० या आवृत्तीत खंडांवर आधारित संपादक आला आणि दालन हा त्यातील एक खंड झाला. जानेवारी २०२२ मधील ५.९ पासून दालनातील प्रत्येक चित्र हा स्वतंत्र चित्रखंड मानला जातो. त्यामुळे प्रत्येक चित्राला वेगळा दुवा किंवा वेगळी शैली देता येते. चित्रओळ आणि पर्यायी मजकूर चित्र खंडात घालताना मीडिया लायब्ररीतून घेतले जातात. त्यानंतर लायब्ररीत केलेली दुरुस्ती आधीच प्रकाशित झालेल्या दालनात आपोआप उतरत नाही. म्हणून माहिती चित्र दालनात घालण्यापूर्वी पूर्ण करणे सोयीचे ठरते.

### मीडियाविकी

विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यात दालन साध्या मजकुराने तयार होते. दालनाच्या आरंभीच्या व शेवटच्या टॅगमध्ये प्रत्येक ओळीवर एका चित्राचे नाव, त्यानंतर उभी रेघ आणि त्यापुढे चित्रओळ लिहिली जाते. ओळ वर-खाली केली की क्रम बदलतो आणि ओळ पुसली की चित्र दालनातून जाते. मूळ संचिका मात्र सुरक्षित राहते. २०१३ पासून या टॅगला मांडणीचा प्रकार सांगण्याची सोय आहे. मराठी विकिपीडियावर चित्रांच्या नामविश्वाचे नाव ‘चित्र’ असे आहे.

दालनातील बहुतेक संचिका ७ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झालेल्या ‘विकिमीडिया कॉमन्स’ या सामायिक भांडारात असतात. तिथे त्याच नावाने सुधारित चित्र चढवले, की ते सर्व भाषांतील विकिपीडियांवर बदलते; चित्रओळ मात्र प्रत्येक पानाच्या मजकुराचा भाग असल्यामुळे ती त्या-त्या भाषेत राहते. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल नोंदला जात असल्याने चुकीने काढलेले चित्र परत आणता येते. अनेक हातांनी संपादित होणाऱ्या दालनासाठी ही सोय महत्त्वाची मानली जाते.

## आकारमान आणि वेग

४,००० × ३,००० बिंदूंच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरल्यास संकोचनाशिवाय त्याचे आकारमान ३६ मेगाबाइट होते. जेपेग पद्धतीने ते काही मेगाबाइटपर्यंत खाली येते. अशी ४ मेगाबाइटची ४० छायाचित्रे थेट पानावर ठेवल्यास वाचकाला १६० मेगाबाइट उतरवून घ्यावे लागतील. प्रत्येकाची १०० किलोबाइटची प्रत वापरल्यास हेच काम सुमारे ४ मेगाबाइटमध्ये होते. १५० × १५० बिंदूंच्या लघुचित्रात केवळ २२,५०० बिंदू असतात, म्हणजे वरील मूळ चित्राच्या पाचशेव्या भागापेक्षाही कमी.

मोठे चित्र पानाच्या शैलीनियमांनी नुसते लहान दाखवल्याने उतरवून घेण्याचे आकारमान कमी होत नाही. त्यासाठी लहान प्रत प्रत्यक्ष तयार असावी लागते. वर्डप्रेसमध्ये पडद्याच्या रुंदीनुसार प्रत निवडण्याची सोय डिसेंबर २०१५ मधील ४.४ या आवृत्तीत आली. नोव्हेंबर २०१९ मधील ५.३ पासून २,५६० बिंदूंहून मोठ्या चित्राची त्या मर्यादेतील प्रत तयार करून पानावर तीच वापरली जाते. गूगलने २०१० मध्ये आणलेला ‘वेबपी’ आणि २०१९ मध्ये प्रमाणित झालेला ‘एव्हीआयएफ’ हे चित्रप्रकार जेपेगपेक्षा सहसा कमी जागा घेतात. २०१७ पासून आयफोनमध्ये वापरला जाणारा ‘एचईआयसी’ हा प्रकार मात्र बहुतेक ब्राउझर दाखवू शकत नाहीत. अशी चित्रे दालनात घेण्यापूर्वी रूपांतरित करावी लागतात.

## देवनागरी मजकूर

दालनातील चित्रे शोधयंत्रांना आणि वाचकांना प्रामुख्याने मजकुरामुळे सापडतात. मराठी दालनात याबाबत काही विशेष अडचणी संभवतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट घेते आणि संकेतस्थळाच्या पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो. ‘रायगड’ या शब्दात काना धरून पाच वर्णचिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची ४५ अक्षरे होतात. त्यामुळे लांब देवनागरी नावाच्या संचिकेचा पत्ता फार मोठा होतो आणि काही जुन्या प्रणालींत तो अर्धवट तुटतो. यावर उपाय म्हणून संचिकेला लहान सांकेतिक नाव देऊन मराठी नाव शीर्षकात व चित्रओळीत लिहिण्याची पद्धत आढळते.

सारखा दिसणारा मजकूर आतून वेगळा असू शकतो. ‘किनाऱ्यावर’ किंवा ‘दऱ्या’ यांसारख्या शब्दांतील रफाराचे विशिष्ट रूप टंकलेखनाच्या साधनांनुसार वेगवेगळ्या वर्णचिन्हांनी लिहिले जाते. एका रूपात लिहिलेली चित्रओळ दुसऱ्या रूपात केलेल्या शोधाला सापडेलच असे नाही. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेली चित्रओळ तर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांच्या रूपात दिसते. अशी दालने नव्या प्रणालीत आणताना मजकुराचे रूपांतर करावे लागते.

## सुगम्यता

दृष्टिहीन वाचक पडदावाचक प्रणालीच्या साहाय्याने पान ऐकतात. चित्राऐवजी काय वाचून दाखवावे हे पर्यायी मजकुरातून ठरते. तो रिकामा किंवा अनुपस्थित असेल, तर वाचकाला चित्र असल्याचे कळत नाही किंवा संचिकेचे नाव ऐकावे लागते. चित्रओळ आणि पर्यायी मजकूर यांची कामे भिन्न आहेत. ‘महादरवाजा, रायगड’ ही चित्रओळ झाली. ‘दोन भव्य बुरुजांमधील दगडी कमानीचे प्रवेशद्वार’ हा पर्यायी मजकूर झाला. पहिली ओळ चित्र पाहणाऱ्याला संदर्भ देते, तर दुसरी न पाहणाऱ्याला दृश्य सांगते.

डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेब आशय सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वे’ यांच्या दुसऱ्या आवृत्तीत चित्रांसाठी मजकुराचा पर्याय देणे ही मूलभूत अपेक्षा आहे. मोठे चित्र दाखवणारी खिडकी केवळ कळफलकाच्या मदतीने उघडता व बंद करता यावी आणि आपोआप सरकणारी चित्रे थांबवता यावीत, हेही त्यांत अपेक्षित आहे. भारतात दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ आणि शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे यांनी सुगम्यतेवर भर दिला आहे.

## सुरक्षा

जिथे बाहेरून संचिका चढवता येते, तिथे सर्व्हरवर हल्ला होण्याची शक्यता असते. चित्राचे नाव धारण केलेली संचिका प्रत्यक्षात आज्ञावली असू शकते. म्हणून नावाच्या शेवटच्या अक्षरांवर विसंबून न राहता संचिकेचा आशय तपासणे, चित्रांच्या निर्देशिकेत आज्ञावली चालू न देणे आणि चढवण्याचा अधिकार ओळखीच्या सदस्यांनाच देणे या खबरदाऱ्या घेतल्या जातात.

लघुचित्रे तयार करणारा भागही दुर्बल ठरू शकतो. वर्डप्रेसच्या अनेक रूपसंचांत वापरल्या जाणाऱ्या ‘टिमथंब’ या आज्ञावलीत २०११ मध्ये गंभीर त्रुटी आढळली. चित्र विश्वसनीय संकेतस्थळावरून येत आहे का, हे ती पत्त्याचा केवळ काही भाग पाहून ठरवत असे. त्यामुळे परकी आज्ञावली सर्व्हरवर उतरवता येत होती. मे २०१६ मध्ये ‘इमेजमॅजिक’ या चित्रप्रक्रिया प्रणालीतही चित्राच्या आडून सर्व्हरला आज्ञा देता येण्याची त्रुटी उघड झाली. अशा प्रणालींचे नियमित अद्ययावतीकरण हा दालनाच्या देखभालीचा भाग मानला जातो.

## प्रताधिकार आणि खासगीपणा

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्र ही कलाकृती असून ते काढणारी व्यक्ती तिची कर्ती मानली जाते. मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असल्यास आणि वेगळा करार नसल्यास, काढवून घेणारी व्यक्ती प्रताधिकाराची प्रथम मालक ठरते. २०१२ च्या सुधारणेपूर्वी छायाचित्रांचा प्रताधिकार प्रकाशनापासून ६० वर्षांचा होता. सुधारणेनंतर तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतो. संकेतस्थळावर सहज दिसणारे छायाचित्र त्या कारणाने मुक्त ठरत नाही. मात्र कर्त्याने ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’सारखा परवाना दिला असेल, तर परवान्याच्या अटींनुसार त्याचा पुनर्वापर करता येतो. म्हणून कर्त्याचे नाव आणि परवाना या दोन नोंदी दालनातील माहितीचा आवश्यक भाग आहेत.

प्रताधिकाराचा प्रश्न सुटल्यावरही छायाचित्रातील व्यक्तीच्या खासगीपणाचा प्रश्न उरतो. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. घरी काढलेले असे चित्र मूळ स्वरूपात उपलब्ध केल्यास घराचा पत्ता उघड होतो. काही प्रणाली लहान प्रतींमधून ही माहिती काढतात, परंतु मूळ संचिकेत ती तशीच राहू शकते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या वैयक्तिक विदेवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. शाळांच्या दालनांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे. हरकत आल्यावर एखादे छायाचित्र, त्याच्या सर्व प्रतींसह, तत्काळ काढता येणे हाही दालनाच्या सहज संपादनीयतेचा एक निकष ठरतो.

## जतन आणि स्थलांतर

दालनाचे आयुष्य बहुधा ते चालवणाऱ्या प्रणालीपेक्षा जास्त असावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते. ‘फ्लॅश’ तंत्रावर आधारलेली सरकती दालने एकेकाळी लोकप्रिय होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा आधार बंद केला आणि ती दालने ब्राउझरमध्ये दिसेनाशी झाली. पिकासा वेब अल्बम्स बंद झाल्यावर त्यातील छायाचित्रे गूगल फोटोजमध्ये उपलब्ध राहिली, परंतु त्या सेवेवर बेतलेल्या दालन-जोडण्यांना पर्याय शोधावे लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्लिकरने विनामूल्य खात्यांसाठी १,००० छायाचित्रे व चित्रफितींची मर्यादा जाहीर केली. त्याआधी, २०१३ पासून, तिथे १ टेराबाइट जागा विनामूल्य मिळत होती.

या सर्व उदाहरणांत छायाचित्रांच्या संचिका मूळ मालकाकडे असल्या, तरी चित्रओळी, क्रम आणि अल्बमची विभागणी सेवेच्या विदागारात असल्यास ती वेगळी मिळवावी लागते. ओळखीच्या नावांशिवाय राहिलेल्या शेकडो संचिका म्हणजे दालन नव्हे. म्हणून प्रणाली निवडताना चित्रांसोबत सर्व माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढता येते का, हे पाहिले जाते. शीर्षक, चित्रओळ, कर्ता आणि परवाना या गोष्टी ‘आयपीटीसी’ किंवा ‘एक्सएमपी’ या प्रमाणांनुसार संचिकेतच लिहून ठेवल्यास त्या चित्रासोबत प्रवास करतात आणि प्रणाली बदलल्यावर पुन्हा वाचता येतात. मात्र चित्राचे आकारमान कमी करणाऱ्या काही प्रणाली ही अंतर्गत माहितीही पुसून टाकतात.

मूळ संचिकांची संकेतस्थळाबाहेर स्वतंत्र प्रत ठेवणेही आवश्यक असते. अनेक प्रणाली पानावर लहान केलेल्या प्रती दाखवतात; केवळ त्या उरल्यास छपाईसाठी किंवा पुढील काळातील मोठ्या पडद्यांसाठी त्या अपुऱ्या पडतात. विदागाराची प्रतही संचिकांसोबतच घ्यावी लागते, कारण एकीत छायाचित्र असते आणि दुसरीत ते कोणाचे, कुठले आणि कधीचे आहे याची नोंद असते.

## हेसुद्धा पहा

* आशय व्यवस्थापन प्रणाली
* वर्डप्रेस
* मीडियाविकी
* विकिमीडिया कॉमन्स
* क्रिएटिव्ह कॉमन्स
* युनिकोड